आठ नंबरची सीट

खासगी गाडीत एकट्या बाईनं तिकीट काढलं की तिच्या शेजारची सीट पुरुषाला विकायची नाही. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं आहे की नाही, शिवलीला कलशेट्टीला माहीत नव्हतं. पण सोलापुरातल्या एकाही बुकिंगवाल्यानं हा नियम मोडलेला तिनं पाहिला नव्हता. चार्टवर बाईच्या सीटवर फुली मारायची आणि शेजारच्या चौकोनात गोल काढायचा. गोल म्हणजे लेडीज. दुसरी बाई मिळाली तर ठीक, नाही तर तो गोल रिकामाच पुण्याला जायचा, हैदराबादला जायचा, आणि दुसऱ्या दिवशी गाडीमालक काउंटरवर येऊन हळहळायचा.

शिवलीलाचा चरितार्थ सोळा वर्षं या रिकाम्या गोलावर चालला.

नवरा गेला तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती आणि मुलगी, महेश्वरी, दहावीत होती. थोरले दीर महादेवप्पा यांचं जुन्या पुणे नाक्यावर ट्रॅव्हल्सचं काउंटर होतं. तेरावा झाल्यावर ते म्हणाले, "घरात बसून भिंतीकडं बघण्यापेक्षा फोन घ्यायला ये." ती गेली. टेबलावर दोन फोन, पेन्सिल, खोडरबर आणि चार्टचा गठ्ठा. पहिल्या महिन्यातच तिच्या लक्षात आलं, की पुरुष फोन करतो तेव्हा आधी भाडं विचारतो, आणि बाई आधी विचारते, "शेजारी कोण आहे?"

मग तिनं एक जाड वही घातली. त्यात एकट्यानं जाणाऱ्या बायका. पुण्याला मुलीच्या बाळंतपणाला जाणारी अक्कलकोटची शांतम्मा, दर पंधरवड्याला हैदराबादेत साड्या पोचवणारी एक पद्मशाली बाई, नर्सेस, ट्रेनिंगला जाणाऱ्या शिक्षिका. दुपारचे चार वाजले, चार्टवर गोल रिकामे दिसले, की ती वही उघडून फोन लावायची. "ताई, शनिवारी जायचं म्हणत होता ना? आजच जा. अर्ध्या तिकिटात सीट आहे. शेजारी कुर्डुवाडीच्या मॅडम आहेत, बँकेत असतात. घोरत नाहीत, मी विचारून घेतलंय."

मालकाला रिकाम्या चौकोनाचे अर्धे तरी मिळत होते. बाईला अर्ध्यात प्रवास आणि शेजारी बाई. काउंटरला कमिशन. कुणाचंच नुकसान नव्हतं.

तीन वर्षांनी महादेवप्पांचा मुलगा अमरेश पुण्याची नोकरी सोडून परत आला. कॉम्प्युटर शिकलेला. दोन दुपारी तो काउंटरवर काकूची वही वाचत बसला आणि म्हणाला, "काकू, हा तर धंदा आहे."

"मग मी काय इतके दिवस भजन करत होते?" शिवलीला म्हणाली.

त्याच वहीतून 'जोडसीट' नावाची वेबसाइट निघाली. सुरुवातीला फक्त बायकांच्या शेजारच्या सीटा, चाळीस टक्के भाड्यात. मग अमरेशच्या ध्यानात आलं, की गोलच कशाला, संध्याकाळच्या गाडीत दुपारपर्यंत जे काही रिकामं असेल ते सगळंच विकता येईल. रिकामी सीट म्हणजे सायंकाळची कोथिंबीर, तो म्हणायचा. उद्या तिला कुणी विचारत नाही. गाडी सुटायला चार तास उरले की भाव उतरायला लागायचा. सोलापूर झालं, लातूर झालं, विजापूर, गुलबर्गा, हुबळी. सात रस्ता चौकाजवळ दुकानावरच्या माडीवर ऑफिस झालं, अकरा माणसं झाली. आणि मग लोक हुशार झाले. आधी तिकीट काढेनात, भाव उतरायची वाट बघत बसू लागले. गाडीमालक येऊन ओरडू लागले. तेव्हा अमरेशनं साइटवर लाल अक्षरांत 'फक्त दोन सीट शिल्लक' असं टाकलं.

"अकरा आहेत की रे शिल्लक," शिवलीला चार्ट बघून म्हणाली.

"काकू, घाई लावल्याशिवाय माणूस जागचा हलत नाही."

मग सुविधा शुल्क आलं. विम्याची खूण आधीच केलेली असायची. ज्याच्या लक्षात येईल त्यानं काढावी. लक्षात फार कमी जणांच्या यायचं. स्वस्त तिकिटाला परतावा नाही, ही ओळ सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक. शिवलीलाला हे पटायचं नाही, पण पगार वेळेवर व्हायचा आणि महेश्वरी इंजिनिअरिंगला होती.

पुढं लॉकडाऊनमध्ये गाड्या गावाबाहेर बाळ्याच्या माळावर ओळीनं उभ्या राहिल्या. माडीवरचं ऑफिस सुटलं. बंगळूरच्या एका मोठ्या ॲपनं जोडसीट विकत घेतली आणि नाव पुसून टाकलं. अमरेशनं पुण्यात फ्लॅट घेतला. विक्रीत साइट गेली, वही गेली, आणि वहीबरोबर शिवलीलाही गेली. कारण तिच्या फोनवर तक्रारी कमी यायच्या, आणि हे कुठंतरी आकड्यांत दिसत होतं. कंपनीनं घरी हेडफोन आणि लॅपटॉप पाठवला. फोनवर खरं नाव सांगायचं नाही, असा नियम होता. तिला 'स्नेहा' हे नाव मिळालं.

नातेवाइकांत सगळ्यांना वाटे, अमरेशचं ते काहीतरी होतं ते बंद पडलं. शिवलीलाही सांगत बसली नाही. या वयात अजून नोकरी करते म्हटलं की लोक लेकीकडं बोट दाखवतात. लेकीनंही कधी विचारलं नाही.

आता ती सत्तावन्न वर्षांची होती. जुळे सोलापुरात पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. पाचव्या दिवशी नळाला पाणी यायचं, त्या दिवशी कंपनीला कळवून तासभर उशिरा बसायची. एरवी सकाळी नऊ ते दुपारी तीन. दिवसाला साठएक बायकांना फोन. कंपनीनं वाक्यं छापून दिली होती, पण तिचा आवाजच असा होता की बायका दोन वाक्यं जास्त बोलायच्या. कुणी सुनेचं सांगे, कुणी गुडघ्याचं. मग म्हणायच्या, "ठेवू का, मॅडम?" ती कधी आधी फोन ठेवत नसे. तीन वाजता हेडफोन काढला की घर एकदम मोठं होई. साठ फोन ती दुसऱ्यांना करायची. तिच्या स्वतःच्या फोनवर आठवड्यातून एक फोन येई, रविवारी सकाळी, हैदराबादहून.

महेश्वरीचं लग्न पाच वर्षांपूर्वी झालं. नवरा कुमार, माणसं पुण्याची, दोघांची नोकरी हैदराबादला. लग्न शिवलीलानं जमवलं होतं, सहा स्थळं नाकारून. संसार मांडून द्यायला ती एकदा हैदराबादला जाऊनही आली होती. तिकीट महेश्वरीनं फोनवरून काढलं होतं. त्यानंतर रविवारचे फोन. ते असे:

"जेवलीस?"

"सकाळचे नऊ वाजलेत, अव्वा."

"मग नाष्टा काय केलास? कुमारना काय दिलंस? ते झोपलेत अजून? डॉक्टरकडं जाणार होतात त्याचं काय झालं?"

प्रत्येक उत्तरानंतर शिवलीला जराशी थांबायची आणि "बरं" म्हणायची. ते "बरं" कसं लागतं, हे तिला ठाऊक नव्हतं. चार मिनिटांत फोन संपायचा. गेल्या वर्षभरात तो तीनवर आला होता. कुमार कधीच फोनवर येत नव्हता. तो बाथरूममध्ये असायचा, नाही तर ऑफिसच्या कॉलवर. दिवाळीला रजा मिळाली नाही. पंचमीला रजा मिळाली नाही.

जूनमध्ये कंपनीनं नवीन प्रकार काढला. गाडीत तिकीट काढूनही काही लोक चढत नाहीत. त्यांचे पैसे तर आलेलेच असतात. ती सीट पुढच्या गावातून स्वस्तात पुन्हा विकायची. एका सीटचे दोनदा पैसे. पण एकदा एक म्हातारी पुढच्या स्टॉपवर चढली आणि तिच्या सीटवर कुणी भलताच झोपलेला निघाला. मोठी भांडणं झाली. तेव्हापासून विकण्याआधी सोबतच्या प्रवाशाला फोन करून विचारायचं, राहिलेला माणूस पुढं चढणार आहे का. हैदराबाद-पुणे मार्गावरचे हे फोन शिवलीलाकडं आले.

गाडी सकाळी सातला हैदराबादहून सुटायची, दुपारी सव्वा वाजता सोलापूर. सोलापुरात चढणारं कुणी असेल तर जुन्या पुणे नाक्यावर यायची, नसेल तर बायपासनं सरळ निघून जायची.

त्या गुरुवारी बारा वाजता यादी आली. सीट सात, महेश्वरी हिरेमठ, स्त्री, एकतीस, चढल्या. सीट आठ, शिवलीला कलशेट्टी, स्त्री, बावन्न, चढल्या नाहीत.

तिनं यादी दोनदा वाचली. सोलापुरात कलशेट्टी शेकड्यानं आहेत. पण खाली सातचा मोबाइल नंबर होता, शेवटचे चार आकडे. ते तिला पाठ होते.

मग तिनं जे करायचं नसतं ते केलं. मागच्या महिन्यांच्या याद्या उघडल्या. अकरा वेळा. अकरा महिने, महिन्यातून एकदा, सीट सात आणि सीट आठ, हैदराबाद ते पुणे. अकरा वेळा लेक या गावावरून गेली होती, बायपासनं, आणि अकरा वेळा शिवलीला कलशेट्टी, वय बावन्न, तिच्या शेजारी बसून गेली होती. तिचं वय सुद्धा पाच वर्षं मागंच राहिलं होतं; हैदराबादच्या त्या पहिल्या तिकिटाला भरलेलं.

युक्ती तिला माहीत होती. शेजारची सीट चाळीस टक्क्यांत मिळते म्हटल्यावर ज्या बायकांना शेजार नको असतो त्या ती दुसऱ्या बाईच्या नावानं स्वतःच घेऊन टाकतात. जाऊ, नणंद, मेलेली सासू, कुणाचंही नाव चालतं. अशा बायकांना तिनं पुष्कळदा फोन केले होते.

यादीत पुढं घड्याळ चालू होतं. दहा मिनिटांत फोन झाला नाही तर सीट आपोआप विक्रीला जायची. तिनं बटण दाबलं.

"नमस्कार, मी स्नेहा बोलतेय, आपल्या आजच्या हैदराबाद-पुणे प्रवासाबद्दल. दोन मिनिटं बोलू शकता का?"

गाडीचा घरघराट. मग, "हं, बोला."

शिवलीला थांबली. आता ती म्हणेल, अव्वा? पण पलीकडून काहीच आलं नाही. लेकीनं आवाज ओळखला नव्हता. कसा ओळखणार? या आवाजात तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं.

"आपल्यासोबत सीट नंबर आठवर शिवलीला कलशेट्टी आहेत. त्या हैदराबादला चढल्या नाहीत. सोलापूरला चढणार आहेत का?"

"नाही. त्या येणार नाहीत."

"मग ती सीट आम्ही दुसऱ्या महिला प्रवाशाला दिली तर चालेल?"

"नको, नको. प्लीज. भाडं भरलंय ना मी?"

"भरलंय. फक्त मला कारण लिहावं लागतं."

"बाकीच्या बायका काय लिहायला सांगतात?"

"कुणी सांगतं तब्येत बरी नाही. कुणी सांगतं, सामान ठेवायला पाहिजे. एका बाईंनी सांगितलं, मला पाय वर घेऊन बसायचंय."

महेश्वरी हसली. शाळेतून येताना मैत्रिणींत हसायची तसं. शिवलीलानं ते हसणं किती दिवसांत ऐकलं नव्हतं, मोजायची सोय नव्हती.

"मला कुणाशी बोलायचं नसतं हो," महेश्वरी म्हणाली. "शेजारी बाई आली की विचारते. कुठं निघालात, मिस्टर काय करतात, मुलं किती. अकरा तास. मला खोटं बोलायचा कंटाळा आलाय."

छापील वाक्यांप्रमाणं आता 'धन्यवाद' म्हणायचं होतं. शिवलीला म्हणाली, "नेहमी एकट्याच जाता?"

"महिन्यातून एकदा. कोर्टात तारीख असते पुण्याला. माझी नि नवऱ्याची."

बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत होता. शिवलीलानं हेडफोनचा माइक हातानं झाकला आणि पुन्हा काढला.

"घरच्यांना माहीत आहे?"

"आईला सांगितलं नाही. सांगायचं दर रविवारी ठरवते. पण ती आधी विचारणार, तू काय केलंस? वाईट नाहीये हो ती. तिच्याशी बोललं ना, की मार्क पडताहेत असं वाटतं. बरं म्हणते, आणि आपल्याला कळतं की पस्तीसच पडले."

"मग सीट त्यांच्या नावानं कशी?"

"बाईचं नाव भरावं लागतं ना. आधीचं सेव्ह केलेलं तिचंच होतं," महेश्वरी म्हणाली. "आणि बरं वाटतं. गाडी सोलापूर ओलांडते तेव्हा. ती शेजारी असते, पण काही विचारत नाही."

शिवलीला यादीतल्या आठ नंबरकडं बघत राहिली.

"हॅलो? मॅडम? तुम्ही छान बोलता हो. ठेवू का?"

"आपला प्रवास सुखाचा होवो," शिवलीला म्हणाली.

समोर दोन चौकोन होते. 'चढणार नाहीत, सीट राखून ठेवावी.' 'सोलापूरला चढणार.' पहिल्यावर खूण करायची होती; गिऱ्हाइकानं तसंच सांगितलं होतं. तिनं दुसऱ्यावर केली. आणि खूण झाल्यावर मग ती उठली, साडी बदलली, कडक भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात भरली, कंपनीला पाणी आल्याचं खोटं कळवलं आणि रिक्षानं नाक्यावर गेली.

गाडी एक वीसला आली. दारात सांगोल्याचा येडू नावाचा क्लीनर यादी घेऊन उभा होता, पन्नाशीचा, तोंडात तंबाखू.

"मावशी, आठ नंबर का? चला की लवकर. तुमच्या एकल्यापायी गाडी गावात घातलीया."

महेश्वरी खिडकीशी होती. शेजारच्या सीटवर तिची बॅग. ती बाहेर बघत होती, जुन्या पुणे नाक्याच्या पुलाकडं, जिथं तिच्या काकाचं काउंटर होतं तिकडं. शिवलीला पुढं जाऊन उभी राहिली. घरून निघताना तिनं पहिलं वाक्य ठरवलं होतं. फोनवरच्या आवाजातच ती म्हणाली, "नमस्कार. शेजारी बसू का?"

महेश्वरीनं वळून पाहिलं. आधी आवाज ओळखला, मग माणूस.

"अव्वा... ती स्नेहा..."

"मीच."

गाडी सुरू झाली. शिवलीला तोल जाऊन सीटच्या दांडीला धरून राहिली. महेश्वरीनं बॅग उचलून मांडीवर घेतली.

बाळं गाव मागं पडलं. टोलनाका आला. मग महेश्वरी खिडकीकडं बघतच म्हणाली, "सगळं रेकॉर्ड होतं ना ते?"

"होतं. कुणी ऐकत नाही."

"आता विचार."

"काय?"

"तुला जे विचारायचंय ते."

"काही नाही विचारायचं," शिवलीला म्हणाली.

हे वाक्य पाळणं किती अवघड आहे, ते पुढच्या तासाभरात तिला कळलं. सावळेश्वरला तिला दिसलं, लेकीच्या गळ्यात काही नाही. मोहोळला दिसलं, मनगटं काडीसारखी झालीत. राहतेस कुठं, कुणाबरोबर, खातेस काय, अकरा महिने म्हणजे त्याच्याही आधी किती. प्रश्न तोंडापर्यंत यायचे आणि ती भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकायची. कडक भाकरी असल्यानं चावायला वेळ लागायचा. एक तुकडा तिनं न बोलता पुढं केला. महेश्वरीनं घेतला. दोघींच्या चावण्याचा कुर्रकुर्र आवाज पुढच्या सीटवरच्या माणसानं मागं वळून बघावं इतका येत होता. महेश्वरीच्या ओठाचा एक कोपरा हलला. मोडनिंबला तिचं डोकं झोपेनं कलंडलं आणि आईच्या खांद्याला टेकलं. शिवलीलानं श्वास सुद्धा बेतानं घेतला.

टेंभुर्णी दहा मिनिटांवर राहिली होती. गाडीनं धक्का खाल्ला, महेश्वरी जागी झाली, सावरून बसली. आणि शिवलीला म्हणाली, "मी एकदा कुमारशी बोलू का? म्हणजे तुझंही काही चुकलं असेल, त्याचंही..."

पुढचं तिला गिळता आलं नाही, मागचं घेता आलं नाही.

"झालं सुरू?" महेश्वरी म्हणाली. मोठ्यानं नाही. तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं आणि बॅग छातीशी धरली.

टेंभुर्णीला जेवणासाठी गाडी थांबली. सगळे उतरले. शिवलीला डबा पिशवीत घालून उठली.

"मी इथून परत जाते. एसटी मिळेल."

"पुण्यापर्यंत तिकीट आहे तुझं."

"असू दे. सीट रिकामी राहू दे, तू म्हणाली होतीस." जराशानं ती म्हणाली, "डबा ठेवते."

महेश्वरीनं डबा घेतला. थांब म्हणाली नाही. येडूनं खाली विचारलं, "का ओ मावशी, हितंच उतरलासा? पुण्याचं पैसं भरल्यात की!"

"काम झालं माझं," शिवलीला म्हणाली. एसटी स्टँडच्या बाकावर बसल्यावर तिच्या लक्षात आलं, तिच्या एका बाजूला पिशवी होती आणि दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं, आणि कितीतरी लोक उभे असूनही तिथं कुणी बसत नव्हतं.

आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. एक तारखेपासून हे फोन यंत्र करणार. उत्तम प्रतिसाद मिळालेल्या कर्मचाऱ्यांच्या रेकॉर्डिंगवरून यंत्राचा आवाज तयार केला आहे, त्याबद्दल आभार. सोबत नमुना जोडला आहे. तिनं तो लावला. "नमस्कार, मी स्नेहा बोलतेय." वाक्याच्या शेवटी ती जशी जरा सूर चढवून थांबायची, तसंच यंत्र थांबत होतं. रेकॉर्डिंग कुणी ऐकत नाही असं तिला वाटलं होतं. कुणीतरी बसून सगळी ऐकली होती. हेडफोन आणि लॅपटॉप न्यायला माणूस आला, सही घेऊन गेला.

नऊ ते तीन आता रिकामं होतं. पहिले काही दिवस ती नऊ वाजता त्याच खुर्चीवर बसली. शेजारच्या बिऱ्हाडातली बाई म्हणाली, "आज आवाज नाही तुमचा?" तिला वाटायचं, काकू फोनवर कुणा बहिणीशी बोलतात.

रविवारचे फोन आले. पहिल्या रविवारी दोन मिनिटं. शिवलीलानं "जेवलीस?" विचारलं आणि जीभ चावली. दुसऱ्या रविवारी तिनं काहीच विचारलं नाही. नळाला सहाव्या दिवशी पाणी आलं, हे सांगितलं. मशीनचं सांगितलं. महेश्वरी म्हणाली, "मग आता पुढच्या वेळी ते मशीन मला विचारणार?"

"हो."

"तुझ्या आवाजात?"

"हो."

"हं." मग फोन ठेवता ठेवता, जसं काही दुधाचं बिल भरल्याचं सांगावं, तसं ती म्हणाली, "पुढची तारीख अकराला आहे. मी दहाला निघेन."

मी येऊ का, हे तीन शब्द शिवलीलाच्या तोंडात होते. ते विचारले असते तर उत्तर मिळालं असतं, हो किंवा नाही, आणि त्या उत्तरावर तिला "बरं" म्हणावं लागलं असतं. ती म्हणाली, "सांभाळून जा."

दहा तारखेला तिच्याकडं यादी नव्हती. हैदराबादला कोण चढलं, आठ नंबर कुणाच्या नावानं आहे, घेतलीय तरी का, काही कळायला मार्ग नव्हता. बाराच्या सुमाराला कधीतरी यंत्रानं फोन केला असणार. शिवलीला कलशेट्टी सोलापूरला चढणार आहेत का? आणि तिकडून काहीतरी उत्तर दिलं गेलं असणार. तिनं रात्रीच भाकऱ्या करून ठेवल्या होत्या. एक वाजता ती नाक्यावर पोचली. महादेवप्पांच्या जुन्या काउंटरच्या जागी आता मोबाइलचं दुकान होतं, त्याच्या पायरीवर सावली होती. ती तिथं उभी राहिली.

एक पंधरा झाले. एक वीस. मुंबईच्या दोन गाड्या गेल्या, एक उमरग्याची आली. एक अठ्ठावीसला तिनं मनात गाडी बायपासवर घातली. केगावच्या पुढं, सावळेश्वरच्या टोलला. सात नंबरवर लेक, आठ नंबरवर बॅग. चाललं असतं तसंही. अकरा वेळा चाललंच होतं. पण पायरीवरून पाय उचलेना.

एक पस्तीसला फोन वाजला. अनोळखी नंबर. तिनं घाईघाईनं कानाला लावला आणि सवयीनं "नमस्कार" म्हणाली.

"नमस्कार काय करताय मावशी," येडूचा आवाज होता, मागं हॉर्न. "आठ नंबर ना तुमी? सात नंबरच्या ताईनं नंबर दिला तुमचा. कुटं हाय? हैदराबाद नाक्याला ट्रॅफिक लागलं बगा. उबं ऱ्हावा तितंच, गावात घेतोय गाडी."

शिवलीलानं डबा या हातातून त्या हातात घेतला, पायरी उतरली आणि उन्हात रस्त्याच्या अगदी कडेला जाऊन उभी राहिली.